तीन उड्या अलीकडे

झरणाला डॉक्टरांनी पलंगावर झोपवून ठेवलं तो दिवस जेठ वद आठमचा. पाचवा महिना लागला होता. उठायचं ते न्हाणीघरापुरतं. जिना नाही, ओझं नाही. तिकडे ॲन्टवर्पला जावई सकाळी सातला हिऱ्यांच्या कचेरीत जातात ते संध्याकाळी सातला येतात. मधले बारा तास माझी मुलगी आणि समोरची भिंत.

"मी निघतेच," मी म्हणाले.

"निघ," झरणाचे पप्पा म्हणाले. "व्हिसा नव्वद दिवसांचा आहे. आत्ता गेलीस तर ऐन बाळंतपणाच्या आधी तुला परत पाठवतील. मग कार्तकी पूनमनंतर कोण जाणार, मी? मला खाखरासुद्धा शेकता येत नाही."

ते खरं होतं. तिकिटं कार्तकी पूनमनंतरची, चातुर्मास सरल्यावर बाळंतपणासाठी म्हणूनच काढलेली होती. म्हणून फोनवर भागवायचं ठरलं. पण फोनवर मी विचारायची, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो." "गोळी घेतलीस?" "हो." मग मला ऐकू यायचं ते तिच्या खोलीतलं घड्याळ.

आमचं बोलणं खरं व्हायचं ते खेळात.

लग्न होऊन ती आमच्या वढवाणहून गेली तेव्हा जाण्याआधी तिच्या जुन्या संगणकावर मला तो खेळ लावून देऊन गेली होती. अवकाशाचा खेळ. यानात बसायचं, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, दगड-धातू गोळा करायचे, आवडेल त्या ग्रहावर तळ टाकून घर बांधायचं. आमचा पहिला तळ जांभळ्या आभाळाच्या एका ग्रहावर होता. अकरा खोल्या, एक बाग, पाण्याची टाकी. दुपारचं सामायिक, ते एका आसनावर बसून करायचं ध्यान, झालं की मी खेळायला बसायची. सामायिकाचं वाळूचं घड्याळ असतं ना, अठ्ठेचाळीस मिनिटांचं, तेच उलटं करून ठेवायची; एक वाळू सरली की उठायचं. दोघी मिळून भिंत लावत असू आणि हात कामात असले की तोंड आपोआप सुटायचं. सासूने काय म्हटलं, आमटीत काय चुकलं, कधी रडू आलं. सगळं मला त्या अकरा खोल्या बांधताना कळलं.

मग गेल्या दिवाळीत ती मैत्रिणींबरोबर आकाशगंगेच्या पार काठाला गेली. मैत्रिणी पुढे पांगल्या, हिच्या मोठ्या यानाचं इंजिन जळलं, आणि ती तिकडेच काचेचं घर बांधून राहिली. जवळ एक छोटं यान होतं, दोन-तीन उड्यांच्या इंधनाचं.

"मम्मी, तू इकडे ये ना," ती वद नवमीला म्हणाली. "माझ्या शेजारी दुसरा तळ टाक. नव्व्याण्णव उड्या आहेत फक्त."

"फक्त?"

"तुझ्यासाठी पूर्वेकडे तोंड असलेली खोली करून ठेवलीय मी."

दुसऱ्याच दिवशी, वद दशमीला, मी निघाले. पहिल्या दिवशी आठ उड्या मारल्या. यान खाली उतरवते आहे तोच मागून झरणाचे पप्पा म्हणाले, "काय गं, सकाळी दिशांचा नियम किती घेतला होतास?"

मी रोज सकाळी चौदा नियम घेते. आज किती पदार्थ खाणार, किती वस्त्रं वापरणार, कुठल्या दिशेला किती दूर जाणार. त्या सकाळी मी चारही दिशांना पंचवीस किलोमीटर ठेवले होते.

"पंचवीस," मी म्हणाले.

"आणि आत्ता आठ तारे ओलांडलेस. वर-खाली पण गेलीस." ते हसत होते. मला मात्र हसू येईना.

दुसऱ्या दिवशी अगियारस, म्हणजे एकादशी; अशा पाळायच्या तिथीला मी यंत्राला हात लावत नाही. म्हणून सकाळीच जैन साध्वींच्या उपाश्रयात गेले. सौम्यरेखाश्रीजी महाराज गुडघ्यांमुळे पायी विहार थांबवून दोन वर्षं आमच्या गावातच स्थिरवासाला आहेत.

"मत्थएण वंदामि, साहेबजी. माझा दिशेचा नियम मोडला."

"कुठे जाऊन आलात? अहमदाबादला?"

"नाही... त्याच्या जरा पुढे."

"मुंबई?"

मग मी सगळं सांगितलं. शेजारी बसलेल्या लहान महाराजांनी मुहपत्तीचं फडकं तोंडावर घट्ट धरलं, पण खांदे हलत होते. मोठ्या महाराजांनी मात्र नीट ऐकून घेतलं.

"तुमचे पाय कुठे होते?"

"खुर्चीखाली."

"मग पायांचा नियम शाबूत आहे. मन कुठे होतं?"

"झरणापाशी."

"आणि ते वाटेत आठ ठिकाणी हिंडून आलं. त्यालाच दोरी बांधा."

"म्हणजे मी जाऊ ना, साहेबजी?"

"संसाराच्या कामाला मी 'जा' म्हणणार नाही, कोकिलाबेन. आम्हाला ते म्हणता येत नाही. मर्यादा सांगा, तिचं पच्चक्खाण देते."

मी प्रतिज्ञा घ्यायला हात जोडले. काल आठ मारल्या होत्या, तोंडातून आठच निघालं. "दिवसाला आठ उड्या. एक वाळू. पाच तिथींना बंद."

"आणि चातुर्मासाची चौमासी चौदस लागली की चार महिने गाव सोडायचं नाही, हा तुमचा दरवर्षीचा नियम. तिकडे काय?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. क्षणभर झरणा डोळ्यांसमोर आली. पण एकीकडे चार महिने पाय बांधायचे आणि दुसरीकडे मन तारे हिंडत राहायचं, हे मलाच पटेना.

"तिकडेही," मी म्हणाले. "चौदसला जिथे असेन तिथेच."

घरी येऊन सांगितलं तर झरणाच्या पप्पांनी कपाळाला हात लावला. "आठ? अगं ऐंशी सांगायचं होतंस! घासाघीस करायला मला न्यायचं होतं."

"आता वाढत नाही. नियम कमी करता येतो, वाढवता येत नाही."

ते नगरपालिकेत नकाशे काढायचे. निवृत्त झाले तरी पेन्सिल कानावर असतेच. जुन्या कंकोत्र्यांच्या, म्हणजे लग्नपत्रिकांच्या, कोऱ्या पाठीवर त्यांनी माझा मार्ग आखला. किराणा दुकानाचं कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं, बीज, पाचम, आठम, अगियारस, चौदस या तिथी वगळल्या, दिवस मोजले. "बारसपर्यंत शहाण्णव. तेरसला तीन उड्या, शिवाय तळ टाकायला वेळ. चौदसला तू लेकीच्या शेजारी सुखरूप. बस, काळजी नाही."

ते दिवस फार आनंदाचे गेले. मी उडी मारायची, झरणाचे पप्पा खाखरा मोडत ताऱ्याचं नाव कंकोत्रीवर लिहायचे आणि बसच्या कंडक्टरसारखे ओरडायचे, "चला, पुढचं गाव!" झरणा पलंगावरून हसायची, ते आम्हा दोघांनाही संगणकातून ऐकू यायचं. वाटेत एक ग्रह नुसता चमकणाऱ्या किड्यांनी भरलेला होता. त्यांना मारलं की इंधन भराभर मिळतं म्हणे. मी वरूनच हात जोडले आणि दुसरीकडे सुटे दगड वेचत बसले.

"संगणकात कुठे जीव असतो?" झरणाचे पप्पा म्हणाले.

"माझ्या मनात असतो ना."

"मम्मी, माझ्या ग्रहावर पण थोडे किडे आहेत हं," झरणा भीत भीत म्हणाली.

"बघू. पाया घालताना पुंजणीने झाडून त्यांना अलगद बाजूला करू."

"खेळात पुंजणी नाहीये, मम्मी!" आणि ती इतकी हसली, की जावयांच्या आईने दिलेली उशी पलंगाखाली पडली म्हणे.

आषाढ सुद बारस. सकाळी मी व्याख्यानाला गेले. शेवटी महाराजांनी सांगितलं, "उद्या चौमासी चौदस. सगळ्यांनी पौषध, प्रतिक्रमणाची तयारी ठेवावी."

मी शेजारच्या बाईला विचारलं, "उद्या? उद्या तेरस ना?"

"या वेळी तेरस उडाली, बेन. पंचांग बघितलं नाहीत?"

घरी आले. झरणाच्या पप्पांनी कॅलेंडर माझ्यासमोर धरलं. "हे बघ! उद्या तेरस. परवा पूनम."

"आणि मधली चौदस?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. चौदस नव्हती. दुकानाच्या कॅलेंडरात ती तेरसच्या पोटातच संपलेली होती. आमच्या जैन पंचांगात पर्वाची तिथी अशी गिळू देत नाहीत. तिच्या आधीची काढून टाकतात. त्यांनी फक्त तेरस शोधली होती, ती मिळाली होती, आणि कॅलेंडर परत टांगलं होतं.

ते खाली बसले. "माझी चूक. मी अख्खं आयुष्य नकाशे काढले आणि एक दिवस हरवला." मग जरा वेळाने, "तीनच तर उड्या आहेत. आज अकरा मार. कोण मोजतंय?"

"मी."

"मुलीपेक्षा मोठा का तो नियम?"

हे ते रागाने बोलले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. कटासण्याचं लोकरी आसन अंथरलं आणि सामायिकाला बसले. माळ हातात होती, मन मात्र त्या पूर्वेच्या खोलीत. झरणा लहान असताना मी तिला शिकवलं होतं, की दिलेला शब्द अडचणीच्या दिवशीच पाळायचा असतो, एरवी तो आपोआप पाळला जातो. तो आज मोडून तिच्याकडे जायचं, तर तिच्यापाशी बसून काय तोंडाने बोलायचं?

दुपारी वाळू उलटी केली. आठ उड्या मारल्या. आठवीनंतर जो ग्रह आला त्यावर उतरले. नकाशावर झरणाचा तारा दिसत होता, तीन उड्या पुढे.

"मम्मी, ये ना पटकन, मी दारात उभी आहे," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. तेरसचं, नियमाचं, सगळं.

"चार महिने?" ती म्हणाली.

"फोन करीन रोज."

"फोनवर तू गोळी विचारशील."

झरणाचे पप्पा कंकोत्रीच्या कडा दुमडत बसले होते. वाळू अर्ध्याच्या खाली गेली होती.

"मम्मी, तू आत्ता उतरलीस तिथे काय आहे?"

"काही नाही गं. बोडका ग्रह. गवत नाही, किडा नाही. दगड, आणि वर मोठा तांबूस चंद्र."

"एकही किडा नाही?"

"नाही."

"मग तुला चातुर्मासाला याच्यापेक्षा चांगलं गाव कुठे मिळणार? थांब तिथेच."

"अगं पण..."

"नियम तू घेतलायस, मम्मी. मी कुठे घेतलाय?"

झरणाचे पप्पा उठून उभेच राहिले. "बेटा, इंधन किती आहे?"

"दोन उड्यांचं पक्कं. तिसरीचं बघू."

"बघू म्हणजे? मधेच लटकलीस तर?"

"पप्पा, तुम्ही तेरस शोधा."

पहिली उडी झाली. दुसरी झाली. मग ती थांबली. यान जड होतं, तिसऱ्या उडीला इंधन थोडक्यात कमी पडत होतं. मला पडद्यावरच्या यादीतून तिचं सामान एकेक करून नाहीसं होताना दिसायला लागलं. काचेच्या चौकटी गेल्या. दिवे गेले. तिने सहा महिने जमवलेले रंगीत खडे गेले.

"खडे नको टाकूस!" मी म्हणाले.

"डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही असं सांगितलंय. आणि मम्मी, बघ, परिग्रह कमी करतेय!"

झरणाच्या पप्पांच्या हातातला खाखरा कधीच चुरा झाला होता.

मग आभाळात एक ठिपका दिसला. तो मोठा झाला, डगमगला, आणि माझ्या यानाशेजारी धूळ उडवत आदळला. दार उघडलं. झरणाकडे एक कुंडी उरली होती, त्यात आमच्या पहिल्या तळावरचं रोप.

"इंधन शून्य," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता, जणू खरंच पळत आली होती. "आता परत जाता येत नाही मला. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं ना? आले."

मी तिच्याकडे जायला निघाले होते, आणि तीच माझ्याकडे आली. झरणाचे पप्पा भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर सरळ करत राहिले. ते आधीच सरळ होतं.

वाळू चिमूटभर उरली होती. मी पायाचा दगड ठेवला. पडद्याने नाव विचारलं.

"वढवाण?" झरणा म्हणाली.

"तेरस ठेवा," झरणाचे पप्पा भिंतीकडूनच म्हणाले. "हरवली होती, सापडली."

तेच ठेवलं. वाळू संपली, मी उठले.

चौदसला हात लावला नाही. पूनमच्या दुपारी बसले. तांबूस चंद्राखाली आम्ही पहिली भिंत घ्यायला लागलो. मी दगड देत होते, ती लावत होती. मी गोळीचं विचारलं नाही. तिसरी रांग झाली, चौथी सुरू झाली.

"मम्मी, तो मोठा दे... नाही, त्याच्या शेजारचा," झरणा म्हणाली. आणि मग, दगड बसवता बसवता, "काल पोटात पहिल्यांदा हललं. फुलपाखरासारखं. मी अजून कुणालाच सांगितलं नाहीये."

मी पुढचा दगड तिच्या हातात दिला.