रोटांचं फुकट दळण

पारोळ्याच्या त्या गल्लीत प्रेमराजची गिरणी तीस वर्षांची, आणि त्याचा संशयी स्वभाव त्याहून जुना. वाणी वजन करायला लागला की हा वाण्याचा अंगठा बघणार. डॉक्टरनं सुई काढली की बाटलीवरची तारीख वाचणार. नेमक्या असल्या माणसासमोर पुनमनं नवी गिरणी टाकली आणि श्रावण लागताच दारात पाटी लावली : 'कानबाईच्या रोटांचं दळण फुकट.'

प्रेमराजनं पाटी दोनदा वाचली. श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या; बाई त्यांचे गहू जिथं दळते तिथंच वर्षभराचं दळण टाकते, हा गल्लीचा शिरस्ता. ही गिऱ्हाइकं तिकडं वळली तर दिवाळीपर्यंत त्याच्या गिरणीला कुलूपच लागणार.

"फुकट कोनी काही देत नही," तो बायकोला म्हणाला. "आवळा दीसन कोहळा काढी ऱ्हायनी ती."

"मंग तुम्ही बी द्या ना आवळा," मंदाबाई म्हणाली. "कोनी हात धरेल शे तुमना?"

तो काय देतो! त्यानं गल्ल्यामागचं स्टूल दारात ओढलं आणि आठवडाभर डोळ्यांत तेल घालून समोर बघत बसला.

पुनम सुरतेत वाढलेली, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन इथं आलेली. तिच्या माहेरी कानबाई बसत नाही आणि सासरीही नाही. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून त्यांवर तिनं गिरणीचं नाव छापून घेतलं होतं. दळायला आलेल्या बाईला ती पिशवी भेट देई आणि वहीत तिचं नाव, फोन नंबर लिहून घेई. पिशव्या गावभर मिरवणार, म्हणजे बिनखर्चाची जाहिरात, एवढं प्रेमराजला कळत होतं. पण फोन नंबर कशाला? पीठ काय फोनवर बोलतं? पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि कुठं ते शोधल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

शनिवारी रोटांची दळणं सुरू झाली. हे दळण साधं नसतं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून काढायचे. गिरणी आधी धुवायची, प्रत्येक घराचं दळण झालं की दगड पुसायचा. एका घराचं पीठ दुसऱ्यात मिसळायचं नाही आणि त्याचे रोट भाऊबंदांबाहेर कुणाच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत. लोक एरवी देवाला विसरतात, पण इथं एका चिमटीचीही हयगय करत नाहीत.

दुपारपर्यंत अकरा बाया पुनमकडे गेल्या. त्यात कमलअक्काही होत्या. लग्न होऊन आल्यापासून ज्यांनी प्रेमराजशिवाय कुणाकडे दळलं नव्हतं, त्या कमलअक्का! मान खाली घालून त्या त्याच्या दारावरून गेल्या, हे त्याला फार लागलं.

आणि तेवढ्यात त्याला ते दिसलं. अक्का पाठमोऱ्या झाल्या असताना पुनमचा हात त्यांच्या पिशवीत गेला आणि मग शेजारच्या पत्र्याच्या डब्यात. पुढच्या बाईच्या वेळीही तेच. मूठभर पीठ! रोटांच्या पिठाची चोरी! प्रेमराजला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच थोडी लाज वाटली.

गर्दी सरल्यावर तो तरातरा समोर गेला. "डबा उघड."

पुनमनं हसत झाकण काढलं. "नाना, हे माझ्या घरच्या गव्हाचं पीठ. सकाळी सगळ्यांच्या आधी दळलं, मग गिरणी धुतली."

"मंग त्यांच्या पिशवीत हात का घालतेस?"

"दगड पुसला की पीठ कमी भरतं ना. सेवा म्हणायची आणि पीठ कमी द्यायचं, बरं दिसतं का? म्हणून माझ्याकडची एकेक मूठ टाकते. एका व्हिडिओत बघितलं होतं, गिऱ्हाइकाला कबूल केल्यापेक्षा थोडं जास्तच द्यावं."

हात पिशवीत रिकामा नव्हे, भरलेला जात होता; डब्यात जायचा तो पुढची मूठ भरायला. प्रेमराजनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. अकरा घरांच्या रोटांत परक्या घरचं पीठ! चोरी केली असती तर परवडलं असतं. त्यानं तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. "मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सुंठीवाचून खोकला जात होता. हे बायांच्या कानावर गेलं की या गिरणीत पुन्हा कुणी चिमणीचा दाणाही दळणार नव्हतं. गप्प राहावं, तर उद्या अकरा घरांत तेच रोट कानबाईपुढं जाणार. प्रेमराज संशयी होता, पण देवीला फसवणाऱ्यांतला नव्हता. आणि मुख्य म्हणजे, देणारा हात स्वतःच्या डोळ्यांनी बघून त्यानं तो चोराचा ठरवला होता. ते आता त्याला आतून खात होतं.

"तू गप बस," तो म्हणाला. "ती वही आण."

ज्या फोन नंबरांवर त्यानं आठवडाभर संशय घेतला, तेच त्यानं एकेक करून लावले. तासाभरात बाया पिशव्या घेऊन गल्लीत उभ्या राहिल्या.

"पुनमना दगडले परवा मी टाकी मारी दिन्ही व्हती," तो मोठ्यानं म्हणाला. टाकी म्हणजे छिन्नीनं दगडाला खाचा पाडणं; त्यानं तर तिच्या दगडाला कधी हातही लावला नव्हता. "ती नीट बसनी नही. पीठमा दगडनी कच उनी शे. चूक बठ्ठी मनी, पुनमनी नही. हाई पीठ गायले टाका, नवा गहू मोजी आना. मी फुकट दळी देस."

मग कमलअक्का पुढं आल्या. त्यांनी दारातल्या त्या स्टुलाकडे पाहिलं, समोर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पुनमच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि हिशेब जुळवला.

"मुद्दाम करं ना रे तू? पोरीनी गिरणी बंद पाडाले?"

पुनमनं तोंड उघडलं. प्रेमराजनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते पुन्हा मिटलं.

"आते फुकट दळस म्हने!" अक्का म्हणाल्या. "फुकट कोनी काही देत नही, प्रेमराज."

त्याच्याच तोंडचं वाक्य होतं.

तरी रोट उद्यावर आले होते. घटकाभरानं अक्का नवे गहू घेऊन आल्या. इतकी वर्षं त्या दळण ठेवून मंदाबाईशी गप्पा मारायला आत जायच्या. गिरणीकडे वळूनही बघायच्या नाहीत. आज त्या आत गेल्या नाहीत. गिरणीला खेटून उभ्या राहिल्या.

"दळ," त्या म्हणाल्या. "पन तुना हात माले दखू दे."

प्रेमराजनं बाह्या कोपरापर्यंत सारल्या, दोन्ही हात त्यांना उलटसुलट करून दाखवले आणि गहू ओतले.