चवळीच्या खालच्या पानामागून

मी चवळीच्या पानामागून बोलतेय. जरा वाकून बघा. काळी, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके, दिसायला ओंगळच. मी ढालकिड्याची अळी. तो लाल, गोल, काळ्या ठिपक्यांचा किडा तुमची मुलं कौतुकानं बोटावर चढवतात ना, ती माझी आई. आईचं कौतुक करायचं आणि पोरांना चिरडायचं, ही माणसांची रीत मला काही कळलेली नाही.

खराडीतल्या काचेच्या इमारतींमागे तुळजाबाईंचा हा उरलेला जमिनीचा तुकडा. विषारी औषध मारायचं नाही, हा त्यांचा नेम. चवळीवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला तेव्हा त्यांनी निंबोळी अर्क फवारला. त्यानं आमचीही काही भावंडं गेली, पण बरीच तगली. माव्याची मात्र भूकच मेली. उरलेल्याचा आम्ही फडशा पाडत होतो. थोडा धीर धरायला हवा होता.

काल सोसायटीतल्या एका बाईंना शेंगांच्या जुडीत माझी बहीण दिसली.

"ईऽ, अळी! आणि म्हणे ऑरगॅनिक. राहू द्या."

जुडी टाकून त्या निघून गेल्या. तुळजाबाईंचं तोंड उतरलं. आज त्यांनी बांधावरच चूल पेटवली आणि मिश्रीची तंबाखू पातेल्यात उकळायला घातली.

"आत्या, तंबाखूनं सगळंच मरंल," त्यांची सून शालू म्हणाली. "ही अळी मावा खाती. म्या बघितलंय."

"अगं, झाडपाल्याचंच हाय. औषध थोडंच हाय?"

झाडपाल्याचं! अहो, विषारी धोतराही झाडपालाच. खाऊन बघता का?

भावंडं वाट फुटेल तिकडे पळताहेत. मला तेही जमणार नाही. कोषात जायची वेळ झाली म्हणून सकाळीच मी शेपटीकडून पानाला चिकटले. आता सुटता येत नाही. आठवड्याभरात मला पंख फुटले असते.

शेजारच्या सरीत फवारणीचा पंप आलाय. उग्र वासानं जीव घाबरा झालाय. सासूच्या पुढे पुढे शालू धावतेय, पानं उलटून बघतेय, आमची पानं खुडून पदरात घेतेय. माझ्याच वेलाशी आली. वरची पानं बघितली, आणि निघाली.

शालू, मी खालच्या पानाला आहे गं. खालच्या!