उंच झालेलं टेबल

दोघी जावांमधल्या थोरलीच्या हृदयाची झडप बदलली, आणि नवी झडप बिनबोभाट कामाला लागली. पण अर्धशिशीने तिचा पिच्छा पुरवला. पूर्वी कधीमधी यायची, ती ऑपरेशननंतर ऊठसूट येऊ लागली. आधी डोळ्याच्या कडेला नागमोडी चकाकी, मग अक्षरं पुसट, मग अर्ध्या डोक्यात ठणका. डॉक्टर म्हणाले, काम सोडायची गरज नाही. चकाकी दिसली की गोळी घ्या, अंधारात पडा. मात्र रक्त पातळ ठेवायचं औषध चालू आहे, तेव्हा दुसरी कुठली भलतीसलती गोळी पोटात जाता कामा नये.

काम म्हणजे गणवेशांच्या कारखान्यातलं कटिंग. टेबलावर कापडाचे थर रचायचे, खडूने आखायचं, सगळे एकदम कापायचे. हात चुकला की अख्खा ढीग वाया. त्या टेबलावर थोरलीचा जीव होता. धाकट्या जावेला तिनेच इथे चिकटवलं, कात्री धरायलाही तिनेच शिकवलं.

दोघींची एक खूण होती. थोरलीने खडू टेपवर आडवा ठेवला की धाकटी शिलाई सोडून टेबलापाशी यायची. चकाकीत थोरलीला अक्षरं दिसत नसल्यामुळे गोळीही धाकटीच तिच्या हातावर ठेवायची, आणि थोरली कापडाच्या ताग्यांमागे जाऊन पडायची. मालकाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलेलं. सख्ख्या बहिणीने केलं नसतं ते माझी जाऊ करते, असं थोरली शेजारीपाजारी कौतुकाने सांगत फिरायची. भोळी बिचारी!

त्या दिवशी खडू आडवा झाला. थोरली ताग्यांमागे पडली आणि बाहेर ठोकाठोकी सुरू झाली. एकेक घाव तिच्या कपाळात बसत होता. धाकटी आत्ता थांबवेल, मग थांबवेल, असं म्हणत ती ओढणी डोळ्यांवर दाबून राहिली. एरवी कुणी बादली आपटली तरी धाकटी अंगावर धावून जायची.

ती बाहेर आली तेव्हा टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसले होते. टेबल आता तिच्या छातीशी आलं होतं. धाकटी तिच्याहून चांगलीच उंच, धाकटीच्या मात्र ते बरोबर कमरेशी.

"हे कुणी करायला सांगितलं?" थोरलीने विचारलं.

तिथेच उभा असलेला मालक बोलला. "अहो, तुम्हीच जावेकडे निरोप दिलात ना? डोळ्यांपुढे काही दिसत नाही, टेबल तिला द्या म्हणून. आधीच सांगायचं होतंत. उद्यापासून तुम्ही बटणांवर बसा."

धाकटी खडूने रेघ ओढत राहिली. "ताई, तुमच्याच भल्यासाठी केलं," एवढं म्हणाली.

थोरलीला वाटलं, छातीवरचे ऑपरेशनचे टाके उसवले. हिला मी माझं दुखणं सांभाळायला दिलं, आणि हिने तेच नेऊन विकलं. भांडायला तोंड उघडलं, तर शब्दच जागेवर सापडेनात. अर्धशिशीत असंच होतं.

संध्याकाळी घरी ठणका पुन्हा वर आला. धाकटी रोजच्यासारखीच पाण्याचा पेला घेऊन आली आणि गोळी हातावर ठेवली. आजवर थोरलीने ती न बघता गिळली होती.

"पाकीट दे," थोरली म्हणाली.

तिने दिवा लावला. उजेड डोळ्यात सुईसारखा घुसला. अक्षरं अजून हलत होती. पाकीट नाकाशी धरून ती एकेक अक्षर जुळवत नाव वाचू लागली, आणि धाकटी पेला धरून तशीच उभी राहिली.