बाविसावा रेणू

वेदनाशामक औषधासाठी बनवलेले एकवीस रेणू प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्वतःच्या हातांनी निकालात काढले होते. प्रत्येकाने वेदना शमवली आणि पाठोपाठ श्वासही मंदावला. कारण अफूच्या जातीची औषधे पेशींवरच्या ज्या ग्राहींना जाऊन चिकटतात, त्यांची हुकमत दोन्हींवर चालते. बाविसावाही त्याच वाटेने गेला, तर प्रकल्प आज बंद होणार होता. ज्याची नऊ वर्षे पाण्यात जायची होती तो रसायनज्ञ दारात नखे खात उभा होता.

"आत ये, नाहीतर घरी जा," बाई म्हणाल्या. "उंबऱ्यात उभं राहून आकडे बदलत नाहीत."

उंदराला मागच्या रेणूंच्या तिप्पट मात्रा दिली होती. काचेच्या पेटीतला त्याचा श्वास पडद्यावर उमटत होता. औषधापूर्वी मिनिटाला अठ्ठ्याऐंशी, आता पंच्याऐंशी.

"बघा ना बाई."

"काय बघू? तू नऊ वर्षं खपून पाणी तयार केलंस, एवढंच यातून दिसतं."

त्यांनी उंदीर तापलेल्या पट्टीवर ठेवला. एरवी दहाएक सेकंदांत प्राणी पंजा चाटू लागतो. दहा झाले, वीस झाले. हा आपला मिशा साफ करत बसलेला. पंजे भाजू नयेत म्हणून तिसाव्याला नियमाप्रमाणे बाईंनी त्याला उचलले.

"पट्टी थंड पडली आहे," असे म्हणून त्यांनी तळहात टेकवला. दोनच सेकंदांत तो काखेत होता.

"तापमापक होता हो तिथे."

"तोही बिघडतो."

आता एकच शंका उरली होती. वेदना भलत्याच मार्गाने शमली असेल, तर त्याच ग्राहींतून श्वासाला धक्का न लावता वेदना शमवता येते, हा नऊ वर्षांचा तर्कच खोटा. बाईंनी उतारा टोचला; तो औषधाला त्या ग्राहींवरून हुसकावून लावतो. घड्याळात पाच मिनिटे मोजली. मग पुन्हा पट्टी.

आठव्या सेकंदाला उजवा पंजा उचलला गेला.

बाईंनी उंदराला ओंजळीत घेतले आणि तशाच उभ्या राहिल्या. मासा, बेडूक, माणूस, सगळ्यांच्या अंगात कोट्यवधी वर्षे वेदना आणि श्वास हे दोन धागे एकाच गाठीत होते. धूलिकणाहूनही कितीतरी लहान अशा एका वस्तूने त्यातला नेमका एकच सैल केला होता.

"एका उंदराने काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या.

"मग बंद करायचं?"

"बंद कसलं? आणखी अकरा उंदीर आण. काही कुप्यांत औषध भर, काहींत नुसतं पाणी. आणि कुठल्या कुपीत काय आहे, ते मला अजिबात सांगू नकोस."