साच्यावरची जाळी

मी जाळी बोलतेय. मासे धरायची नव्हे, सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात साच्यावर, म्हणजे विणायच्या मागावर, बसवलेली लोखंडी जाळी. साच्यात धोटा सूत घेऊन इकडून तिकडे धावतो. तो कधी उसळलाच तर विणकराच्या तोंडावर जाऊ नये, एवढ्यासाठी माझा जन्म. काही घडू न देणं हेच माझं काम, त्यामुळे माझं कौतुक कुणी कधी केलं नाही.

माझ्या साच्यावर कल्लप्पा होता. सूत तुटलं की साचा थांबवायचा, मला वर उचलायचं, गाठ मारायची, पुन्हा खाली करायचं. तो कधी कंटाळला नाही. त्याच्यावर जॉबर भीमाशंकर, म्हणजे आमच्या खात्याचा म्होरक्या. तोही आधी विणकरच. कुणाचा साचा अडला की बाह्या सारून स्वतः उभा राहायचा. माणूस वाईट नव्हता हो.

पंच्याहत्तर सालची खंडेनवमी. पूजेसाठी साचे धुतले, मलाही बोल्ट काढून उतरवलं आणि घासलं. साच्याला झेंडूची माळ, धोट्याला हळदकुंकू. दसरा झाला आणि सगळ्या जॉबरांच्या वरच्या मास्तरांनी भीमाशंकरला बोलावून झाप झाप झापलं. दिवाळीचा माल वेळेत गेला नाही तर जॉबरकी काढून घेईन म्हणाले. वरून दाब आला तर म्होरक्यानं थोडा तरी आपल्या अंगावर घ्यावा. यानं होता तसा खाली ढकलला.

कल्लप्पा मला बसवायला आला तर भीमाशंकर म्हणाला, "ऱ्हाऊ दे की ती. उचल-ठेव करण्यात लई वेळ जातोय. दिवाळीचा माल गेला की बसव."

"आन् धोटा उडाला तर?"

"साच्याची पूजा झालीय की. काय हुत न्हाय."

पूजेचं नाव निघालं तसा कल्लप्पानं मला खाली ठेवून साचा चालू केला. मी भिंतीला टेकून पडून राहिले.

त्याच आठवड्यात तुटलेल्या सुताचा गुंता झाला. तो बघायला कल्लप्पा वाकला आणि गुंत्यात अडकून धोटा जो उसळला, तो सरळ त्याच्या डाव्या डोळ्यावर. मी चार हातांवर होते.

भीमाशंकरनंच त्याला उचलून रिक्षात घातलं. रडतही होता. पण दवाखान्यातून परतल्यावर त्यानं आधी पाना घेतला आणि मला साच्यावर आवळून बसवलं. मालक चौकशीला आले तेव्हा मी जागच्या जागी होते.

"जाळी हाय की, मालक. त्यानंच ती उचलून साचा चालू ठिवला," भीमाशंकर म्हणाला.

बाकीचे विणकर आपापल्या साच्याकडे बघत राहिले. कल्लप्पाची बायको नागम्मा दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "जॉबरनी सांगितल्याबिगर त्येनी खिळाबी हलवत न्हाईत." तिचं कोण ऐकणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

डोळा गेला तो गेलाच, साचाही गेला. आता कल्लप्पा याच खात्यात झाडू मारतो. ते काम भीमाशंकरनंच मिळवून दिलं, म्हणून लोक म्हणतात, जॉबर लई मायाळू. माल वेळेत गेला म्हणून मास्तरांची शाबासकीही त्यालाच. मला त्या शाबासकीची किळस येते.

कारण मी इथून रोज बघते. खात्यातून फिरताना कल्लप्पा समोर आला की भीमाशंकर वाट बदलतो आणि त्याच्या डाव्या बाजूनं निघून जातो.

भीमाशंकर, एकदा उजवीकडून जा. त्याला दिसशील असा.