उभी बाजू कुठली

"बाराशे बत्तीस," बाबा म्हणाले. "आणि कडेची पट्टी बारा फूट."

"ते नका सांगू बाबा. बाजू सांगा. रुंदी किती, उंची किती?"

बाबांनी डावा तळहात उघडून माझ्यापुढे धरला, मग स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. हात लख्ख होता. साबणाचा वास येत होता.

बाबांची माप घेण्याची रीत सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. खिडकीच्या बाजू इंचात मोजायच्या आणि पेनाने तळहातावर लिहायच्या. तिथेच उभ्या उभ्या गुणाकार करून गिऱ्हाइकाला काच किती लागेल ते सांगायचं, चारही बाजू मिळवून पट्टी किती ते सांगायचं. मग हात धुवायचे, कारण काचवाल्याच्या हाताला धूळ असतेच. बाजू डोक्यात असायच्या, त्यामुळे चाळीस वर्षं काही अडलं नाही. आज मात्र तोंडाने बोललेले दोन आकडे तेवढे उरले होते. बाकीचं माप दवाखान्याच्या बेसिनमधून वाहून गेलं होतं.

गेल्या महिन्यात बाबांच्या मापाने दोन काचा आखूड निघाल्या. तेव्हा दादा म्हणाला होता, "आणखी एक माप चुकलं की बाबांनी घरी बसायचं. दुकानात पाऊल टाकायचं नाही." माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे, विशेषतः वाईट शब्दाचा. आणि घरी बसवलं तर बाबा खुर्चीत बसल्या बसल्या विझून जातील, हे मला दिसत होतं. आई गेल्यापासून हे टेबल आणि हा कटर, एवढ्यावरच ते उभे होते.

दादा त्याच दवाखान्यात होता, न्हाणीघराच्या खिडकीची फुटकी काच काढत. एक फोन केला असता तर दोन्ही बाजू लगेच मिळाल्या असत्या. पण त्याच फोनवर बाबांचा निकालही लागला असता.

फोन त्याचाच आला.

"काच झाली का गं? डॉक्टरीणबाई डोक्यावर उभ्या आहेत. पेशंट खोळंबलेत."

"होतेच आहे."

"माप दिलं ना बाबांनी?"

"दिलं की! न द्यायला काय झालं?" मी धडधडीत खोटं बोलले.

"रेघा उभ्या हव्यात हां. शेजारच्या खिडकीला उभ्या आहेत. आणि तुकडा एकच आहे, जपून."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. तो रेघारेघांचा तुकडा मागच्या भिंतीला टेकून उभा होता, चारही बाजूंनी अठ्ठेचाळीस इंच. ती काच आता कुठे बनत नाही. तो बिघडला की संपलं.

मी खडू घेऊन टेबलावर आकडे मांडायला लागले. पट्टी बारा फूट म्हणजे एकशे चव्वेचाळीस इंच, म्हणजे दोन बाजूंची बेरीज बहात्तर. आता ज्यांचा गुणाकार बाराशे बत्तीस होतो अशा जोड्या शोधायच्या. सोळा आणि सत्त्याहत्तर? बेरीज त्र्याण्णव. बावीस आणि छप्पन्न? अठ्ठ्याहत्तर. हाताला घाम येऊन खडू निसटत होता.

"अंधारात काय चाचपडतेस?" बाबा मागून खेकसले. "लहानपणी शिकवलंय ना तुला? आधी चौरस धर."

मी वळून बघितलं. आवाज जुना होता, मला टपली मारणारा.

"बहात्तरचे निम्मे छत्तीस," ते म्हणाले. "दोन्ही बाजू छत्तीस असत्या तर?"

"बाराशे शहाण्णव."

"आपल्यापेक्षा किती जास्त?"

"चौसष्ट."

"आठ आठे चौसष्ट. मग छत्तीसातून आठ काढ, छत्तीसाला आठ लाव. संपला खेळ."

अठ्ठावीस आणि चव्वेचाळीस. मी गुणून बघितलं, बाराशे बत्तीस. आनंदाने मी बाबांचा दंड घट्ट धरला. बाबांनी काच टेबलावर आडवी घेतली, कटर रॉकेलमध्ये बुडवला, आणि थांबले.

"ठकू, उभी कुठली?"

गुणाकार आणि बेरीज दोन्ही बाजू देतात, पण त्यातली उभी कुठली ते सांगत नाहीत. साधी काच असती तर फिरवून बसवली असती. रेघांची काच फिरवली की रेघा आडव्या.

"तुम्हीच सांगा, बाबा."

"मला नाही आठवत," ते म्हणाले. मला रडू आलं आणि रागही आला, कोणावर ते माहीत नाही.

मी टेप त्यांच्या हातात दिली. "आठवू नका. हे कपाट म्हणजे ती खिडकी. सकाळसारखं माप घ्या."

ते कपाटासमोर उभे राहिले. क्षणभर नुसतेच. मग म्हणाले, "बाजूला हो, नळ आहे," आणि नसलेल्या नळाला वळसा घालून एक पाऊल डावीकडे सरकले. टेपचं टोक डाव्या हाताने टेकवलं आणि उजवा हात लांब, पार लांब नेला. मग टेप उभी धरली, कमरेपासून हनुवटीपर्यंत. तिथेच थांबले.

"उभी अठ्ठावीस," मी म्हणाले.

बाबांनी रेघांच्या दिशेने अठ्ठावीस मोजले, आडवे चव्वेचाळीस. दोन्ही वेळा कटर करकरत एका दमात गेला. त्यांनी काच टेबलाच्या कडेला आणली, दाबली. कट्.

दुपारी दादा परतला. "चपखल बसली हो, बाबा! मी उगाच बोललो त्या दिवशी."

मी हसायच्या तयारीत होते. बाबांनी खिशातून टेप काढून माझ्यासमोर ठेवली.

"माप मी विसरलो होतो," ते दादाला म्हणाले. "हिने काढून घेतलं माझ्याकडून. यापुढे माप ही घेईल. कापायचं तेवढं मला राहू दे."

दादाने कटर उचलला, फडक्याने पुसला आणि बाबांच्या बाजूला ठेवला.

तेव्हापासून मापाला मी जाते. परत आले की बाबांना फक्त गुणाकार आणि बेरीज सांगते. ते छत्तीस-चौसष्ट करत बाजू काढतात, मला ढ म्हणतात, खूश होतात. उभी कुठली ते मी मुद्दाम सांगत नाही. ते त्यांनी विचारायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

काल त्यांनी बाजू बरोबर काढल्या, दुसऱ्या नमुन्याची, जाड रेघांची काच टेबलावर घेतली आणि कटर उचलला. मी वाट बघितली. त्यांनी विचारलं नाही.

"बाबा," मी त्यांच्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "उभी तीस."