उस्तादचा विसराळूपणा

ट्रक ड्रायव्हर उस्तादचे लांबच्या फेऱ्यांत रमजानचे अकरा रोजे राहून गेले. प्रवासात सूट असते, ती त्याने मनापासून घेतली. पण राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात, तिथे मात्र त्याचं घोडं अडलं. पुढचा रमजान तोंडावर आला तशी बायकोने भुणभुण लावली.

शेवटी तो लंगडत मौलानांकडे गेला. "गुडघा फार दुखतो. रोज्याऐवजी गरिबाला जेवू घातलं तर?"

"ती सवलत थकलेल्या म्हाताऱ्यांना, कायमच्या आजाऱ्यांना. रोजा काय गुडघ्याने धरायचा असतो?" मौलाना म्हणाले. "आणि आत आलात तेव्हा उजवा पाय लंगडत होता. आता चोळताय तो डावा कसा?"

उस्तादने मुकाट रोजे सुरू केले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोने त्याला स्वयंपाकघरात पकडलं. तोंडात अर्धं केळं.

"अहो, रोजा!"

"या अल्ला! विसरलोच की!" त्याने केळं थुंकलं. "पण विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही. अल्लानेच खाऊ घातलं म्हणायचं."

चौथ्या दिवशी अल्लाने त्याला दोन उकडलेली अंडी खाऊ घातली. पाचव्या दिवशी मूठभर बदाम.

"विसरायला बरं रोज साडेबारालाच जमतं!" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली. "भर रमजानात जाणूनबुजून असं केलं असतं, तर साठ रोजे सलग धरायला लागले असते, कळलं?"

उस्तादने मान खाली घातली. केळं खरंच चुकून खाल्लं होतं. अंड्यांच्या वेळी मात्र सोलता सोलताच आठवलं होतं, आणि बदाम तर आठवणीनेच खाल्ले होते.

"अंड्यांचा आणि बदामांचा, दोन्ही रोजे परत धरतो," तो पुटपुटला.

"मीही धरते तुमच्याबरोबर."

"तू कशाला?"

"माझेही सात राहिलेत," ती हळूच म्हणाली.

इतके दिवस कान खाणारी ही बाई! उस्ताद बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसली होती. पाय पायडलवर, डोळे टाक्यावर, आणि एक हात बिस्किटांच्या डब्यात. उस्ताद दारात थबकला. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरं बिस्किट गेलं. तिसरंही गेलं.

"अगं, रोजा!"

ती दचकली, दोरा तुटला. "हाय अल्ला! कधीपासून उभे आहात तुम्ही?"

"हा काय, आत्ताच आलो," उस्ताद म्हणाला, आणि हसू लपवायला खोकत खोकत अंगणात पळाला.